इंग्रजीची क्रियापदं फ्रेंचांनी बिघडवली?

इंग्रजीला नियम नाहीत, असं ठासून सांगणारा एक मजकूर फोनवर वारंवार येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 1066 साली नॉर्मन फ्रेंचांनी इंग्लंड जिंकलं, इंग्रजी अडाण्यांच्या तोंडी उरली, तिच्या क्रियापदांचे प्रत्यय गळले आणि ‘सिंग–सँग’, ‘गो–वेंट’ असा गोंधळ मागे राहिला, आपल्या भाषांत असं काही नाही. शिक्षकही हे वर्गात सांगतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी ‘सिंग–सँग–संग’. यात गोंधळ कसला? ड्रिंक, बिगिन, स्विम ही क्रियापदंही तशीच चालतात. जुन्या इंग्रजीत मधला स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या क्रियापदांचे सात गण होते, आणि जर्मनमध्ये आजही ‘झिंगेन–झांग–गेझुंगेन’ आहे. म्हणजे ही रीत फ्रेंचांच्या कितीतरी आधीची. तिचं मूळ तर थेट आपल्या ओळखीचं आहे. संस्कृतात ‘मला माहीत आहे’ म्हणजे ‘वेद’ आणि ‘आम्हांला माहीत आहे’ म्हणजे ‘विद्म’. जुन्या इंग्रजीत हीच जोडी ‘वाट’ आणि ‘विटॉन’ अशी दिसते. धातू तोच, आणि एकवचन-अनेकवचनानुसार स्वर बदलण्याची पद्धतही तीच. ज्याला हा मजकूर मोडतोड म्हणतो, तो इंग्रजी व्याकरणाचा सर्वांत जुना थर आहे.

प्रत्यय मात्र खरोखर गळले. जुन्या इंग्रजीत मी ‘सिंगे’, तू ‘सिंगेस्ट’, तो ‘सिंगेथ’, आम्ही ‘सिंगाथ’ असे वेगवेगळे प्रत्यय होते. पण ते 1066 नंतर फ्रेंचांमुळे गळले, हे पुराव्याशी जुळत नाही. लिंडिसफार्न गॉस्पेल्स या उत्तर इंग्लंडातल्या बायबलच्या हस्तलिखितातल्या लॅटिन मजकुरावर आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने दहाव्या शतकात ओळींमध्ये इंग्रजी अर्थ लिहिला. त्यात ‘थ’च्या जोडीला ‘स’ हा प्रत्यय सर्रास येतो, म्हणजे प्रत्यय आधीच बदलू लागले होते आणि आजच्या ‘सिंग्ज’मधला ‘स’ नॉर्मन स्वारीच्या सुमारे शंभर वर्षं आधीच उत्तरेत रुजू लागला होता.

नकाशा तर याहून स्पष्ट बोलतो. दोष फ्रेंचांचा असता तर फ्रान्सच्या सर्वांत जवळच्या केंट या इंग्लंडच्या आग्नेय भागात पडझड आधी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात 1340 साली केंटमध्ये लिहिलेल्या ‘आयेनबाइट ऑफ इनविट’ या इंग्रजी धार्मिक पुस्तकात जुने प्रत्यय बरेच शाबूत आहेत, आणि ते पुस्तक फ्रेंचवरूनच भाषांतरित आहे! प्रत्यय लवकर झिजले ते उत्तर आणि पूर्व इंग्लंडात, जिथे नवव्या शतकापासून डेन आणि नॉर्वेजियन लोक वसले होते. त्यांची भाषा इंग्रजीची बहीणच. शब्दांचे गाभे जुळायचे, शेवट वेगळे पडायचे, म्हणून एकमेकांशी बोलताना शेवट सोडून देणं सोपं गेलं असावं. शिवाय उच्चारातला जोर (आघात) शब्दाच्या सुरुवातीला असल्यामुळे शेवटचे स्वर आधीपासूनच पुसट होत चालले होते.

फ्रेंचांनी अनियमितता आणली, हे तर उलटच आहे. फ्रेंचमधून आलेल्या बहुतेक क्रियापदांना इंग्रजीने सरळ ‘-एड’ लावलं, त्यामुळे नियमित गटच फुगला. एक अपवाद मला फार आवडतो: ‘स्ट्राइव्ह’ हा शब्द फ्रेंचमधून आला, पण ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह’च्या चालीवर तो ‘स्ट्रोव्ह’ झाला. ‘वेअर’ हे अस्सल इंग्रजी क्रियापद आधी नियमित होतं; ते पुढे ‘बेअर–बोअर’च्या पंक्तीत बसून ‘वोअर’ झालं. जुनी चाल इतकी जिवंत होती की तिने नवे गडी ओढून घेतले.

राहिलं ‘गो–वेंट’. जुन्या इंग्रजीतही ‘गो’चा भूतकाळ दुसऱ्याच धातूचा होता: ‘एओडे’. नंतर त्या जागी ‘वेंड’ (वळणे, जाणे) या क्रियापदाचा भूतकाळ ‘वेंट’ आला. आणि आपल्या भाषांत असं नाही म्हणता? मग ‘जातो’ आणि ‘गेला’ काय आहे? ‘जातो’ हा संस्कृतातल्या ‘या’ धातूचा, ‘गेला’ हा ‘गम्’पासूनच्या ‘गत’चा. दोन धातू मिळून एक क्रियापद, अगदी इंग्रजीसारखं.