काका, वसमतचा कागद कुणी मागितला होता?

परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा बांगलादेशवरून जुंपली. परभणीहून काकांनी टाकलं की ते आंदोलनात पोरं मेली वगैरे सगळा बनाव हाय, सरकारी यादीत ८३४ नावं अन् युनोवाले म्हणतात १४०० पर्यंत, आकडेच जुळंनात. खाली लगेच दहा-बारा अंगठे. मी लंडनच्या पूर्व भागात राहते, नऊ वर्षं झाली, ते वाचून मला झोपच लागली नाही.

आमच्या घराखाली किराणा दुकान आहे, मालक बांगलादेशातल्या सिलहटचे, आम्ही चाचा म्हणतो. जुलै २०२४ मधे सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्याविरुद्ध तिकडच्या विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं आणि १८ तारखेला तिकडचं इंटरनेट बंद केलं तेव्हा चाचांच्या बहिणीचा पोरगा ढाक्यात शिकायला होता. चाचा माझी कोथिंबीर पिशवीत घालायचे अन् दुसऱ्या हाताने नंबर फिरवायचे, लागायचाच नाही. पाच-सहा दिवसांनी एकदाचा आवाज ऐकला. पुढे त्यांनी मोबाईलवर पोराच्या दंडाचा एक्सरे दाखवला, पांढरे ठिपके, ज्वारी सांडल्यागत. छर्रे होते ते. त्याला बनाव कसं म्हणू मी?

आता आकड्यांचं. ८३४ ही गॅझेटात नावानिशी छापलेली यादी, जानेवारी २०२५ ची. युनोच्या मानवाधिकार कार्यालयाचा रिपोर्ट फेब्रुवारीतला, तो १ जुलै ते १५ ऑगस्टचा अंदाज आहे, १४०० पर्यंत लोक गेले असावेत, बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळीने, आणि त्यातली १२-१३ टक्के लेकरं. एक नावांची मोजणी, एक अंदाज, जुळणार कसे? पण दोन्हीत कुठंच शून्य नाही ना. रंगपूरचा विद्यार्थी अबू सईद १६ जुलैला पोलिसांसमोर हात पसरून उभा होता, तिथंच मारला गेला, व्हिडिओ जगाने बघितला, तरी पोलिसांच्या पहिल्या फिर्यादीत काय, तर आंदोलकांनीच गोळ्या झाडल्या, विटा फेकल्या अन् एक विद्यार्थी पडताना दिसला. नंतर युनोच्या तपासणीत निघालं की साधारण १४ मीटरवरून किमान दोनदा छर्रे मारले.

काका म्हणाले, मग हिंदूंवर हल्ले झाले त्याचं काय. बरोबर आहे काका, झाले, माझाही जीव तुटतो. पण ते पण ह्याच रिपोर्टात आहे, पोलिसांनी सांगितलेले त्यांचे ४४ मेलेले पण आहेत. एक पान खरं धरायचं अन् दुसरं फाडायचं, हे मला पटत नाही.

'लंडनात बसून शिकवू नको' असं चुलतभाऊ म्हणाला. मान्य, इथून टाईप करायला मला काही धोका नाही. पण इथलं सरकार काही धुतल्या तांदळाचं नाही रे. १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्याच दिवशी १३ जण गेले, अन् त्याच वर्षीच्या चौकशीत सैनिक जवळपास सुटले. खरा अहवाल यायला २०१० उजाडलं, मग पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ३८ वर्षं! तेवढी वर्षं त्या आयांनी लेकरांवरचा 'हत्यारबंद होते' हा डाग सोसला.

आणि काका, तुम्ही तरी असं म्हणू नका. १९७४ ला मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी गेले, तुम्ही तेव्हा परभणीला कॉलेजात होता. उन्हाळ्यात गच्चीवर गोधड्या टाकल्या की तुम्ही ते सांगायचा, अन् मधेच गप्प व्हायचा. आम्ही पोरं तेव्हा एकदाही म्हणलो नाही की कागद दाखवा, आकडा जुळवा. तुमचा आवाज बदलायचा तेवढ्यावरच कळायचं आम्हाला.

ग्रुपवर नको आता. रविवारी फोन करते, वसमतचं पहिल्यापासून सांगा मला, ह्या वेळी लिहून घेते. अन् मग पाच मिनिटं चाचांच्या भाच्याचं ऐका.