लाइट जाईल तेव्हा रेकॉर्डिंग

बेळगावच्या वडगावात भजनी मंडळांना तोटा नाही. एकादशीला गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर डाव्या कानात एक अभंग, उजव्या कानात दुसरा, आणि समोरच्या कट्ट्यावर तिसरं मंडळ चहा पीत बसलेलं दिसतं. ते तिसरं मंडळ आमचं. आमच्या बुवांना कुणीतरी सांगितलं की हल्ली भजन यूट्यूबवर टाकावं लागतं, नाहीतर ते झालं असं कुणी धरत नाही. बुवांनी लगेच मोबाइल पखवाजाला टेकवून एक अभंग रेकॉर्ड केला. तात्यांनी तो ऐकला आणि मोबाइल उलटा ठेवून दिला.

"ही माझी पेटी न्हवं," तात्या म्हणाले. "पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यागत आवाज यायलाय."

तात्या पेटीवाले. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीबद्दल पेटीवाल्याशी वाद घालायचा नसतो, ही इथली रीत आहे. त्यामुळे 'नीट' रेकॉर्डिंग करायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. लॅपटॉप मंडळात इतरांकडेही आहेत, पण त्यांनी ते पोरांचे आहेत असं सांगून टाकलं. मला मूल नाही, त्यामुळे सबबही नाही.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. "मामा, अवघड काही नाही. एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, एक कंडेन्सर माइक, एक लॅपटॉप. घरच्या घरी स्टुडिओ!" पुण्यात गाण्याबजावण्याच्या नादी लागलेल्या पोरांना 'घरच्या घरी' हे शब्द फार आवडतात. त्यांच्या घरात माणसं नसतात.

दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवला आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "चिंती माडब्याडरी. यूएसबी हच्चिदरं मुगीत." जोडलं की संपलं. घरी येऊन खोका उघडला तर इंटरफेस होता, माइक होता, आणि एक जाड पुस्तिका होती जिच्यात तेवीस भाषांतून डब्यावर पाणी सांडू नका असं लिहिलं होतं. माइकपासून डब्यापर्यंत जायची केबल नव्हती. स्टँड नव्हता. केबलसाठी मंडपवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, "कॅनन पाहिजे का पी-अडतीस?" मी माइकचं बूड दाखवलं. "तीन पिना. कॅनन," तो म्हणाला आणि गणपतीत लोळलेली, चिखल वाळलेली वीस फूट केबल दिली. या सगळ्या प्रकरणात पहिल्याच झटक्याला चाललेली वस्तू ती एकच.

जोडलं. काही संपलं नाही. लॅपटॉपने नवीन उपकरण सापडल्याचं जाहीर केलं आणि मग त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. सॉफ्टवेअरात माइक निवडायच्या यादीत 'मायक्रोफोन' या एकाच नावाची अख्खी रांग होती. त्यातला एक लॅपटॉपच्या झाकणातला, एक हेडफोनचा, एक असा की जो कुठे आहे हे त्या लॅपटॉपलाही सांगता आलं नसतं. निवडला तर आवाज येईना. भाच्याने फोनवरून सांगितलं, कंडेन्सर माइकला वीज लागते, डब्यावरचं 48 व्होल्ट लिहिलेलं बटण दाबा. त्याला फँटम पॉवर म्हणतात. ज्या तारेतून आवाज येतो त्याच तारेतून वीज माइककडे जाते. दाबलं. लाल दिवा लागला. आवाज नाही. "मामा, सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जा. ॲप्सना माइक वापरायची परवानगी दिलीय का बघा." म्हणजे घर माझं, लॅपटॉप माझा, माइक मी विकत आणलेला, आणि माझा आवाज माझ्याच लॅपटॉपात शिरायला परवानगी पाहिजे! दिली. लगेच पडद्यावर हिरवी पट्टी थरथरली. मी "हॅलो" म्हटलं नव्हतं. थरथर वेगळ्याच कशाने होती, पण ते पुढे.

सॉफ्टवेअर आधी ऑडॅसिटी घेतलं, कारण ते फुकट आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या प्राध्यापकाने सुरू केलेलं हे काम 2000 सालापासून सगळ्या जगाला फुकट मिळतंय, हे ऐकून बुवांना एकदम अमेरिकेबद्दल आदर वाटू लागला. भाच्याचं मत पडलं की रीपर घ्या. ते 60 दिवस वापरून बघायला देतात. 60 दिवसांनंतरही उघडतं, फक्त उघडताना दर वेळी पैशांची आठवण करून देतं. इतक्या सभ्य वसुलीची आमच्याकडे कुणाला सवय नाही.

मग तात्यांना बोलावलं, कानावर हेडफोन चढवला आणि पेटी वाजवायला सांगितली. तात्यांनी दोन ओळी वाजवल्या, थांबले, मागे वळून बघितलं.

"मागं कोण वाजवायलंय?"

तात्याच वाजवत होते. पेटीचा आवाज माइकातून डब्यात, डब्यातून लॅपटॉपात, तिथून फिरून कानात येईपर्यंत उशीर होत होता. या उशिराला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने घेत नाही. तो आधी एक घागर भरतो आणि मग ओततो. घागरीचं नाव बफर. माझी घागर 2048 नमुन्यांची, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या मोजमापांची होती. सेकंदाला 44,100 नमुने या हिशेबाने ती भरायलाच 46 मिलिसेकंद लागत होते. हवेत आवाज तेवढ्या वेळात जवळजवळ सोळा मीटर जातो. म्हणजे तात्यांची पेटी तात्यांनाच गिरणीच्या दारातून ऐकू येत होती, परतीचा उशीर वेगळाच. मी बफर 64 वर आणला. उशीर गेला, पण आवाज फुटून तडतड सुरू झाली. मग एएसआयओ नावाचा ड्रायव्हर टाकला. 1997 साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने काढलेली ही आडवाट आहे. आवाज मधल्या सगळ्या टेबलांना टाळून थेट सॉफ्टवेअरात जातो. सरकारी कचेऱ्यांत अशी वाट कुणी काढली असती तर त्याचा पुतळा उभा राहिला असता. 256 वर जमलं. रात्री भाच्याला कौतुकाने सांगितलं तर तो म्हणतो, "पण मामा, डब्यावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल ना? ते दाबलं की आवाज लॅपटॉपात न जाता सरळ कानात येतो. उशीरच नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

पुढचा घोळ आकड्यांचा. डबा 44,100 वर आवाज मोजत होता आणि सॉफ्टवेअर समजत होतं 48,000. पहिला आकडा सीडीचा, दुसरा व्हिडिओवाल्यांचा. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीपेक्षा थोडं जास्त मोजलं की पुरतं, एवढंच त्यामागचं गणित. पण दोघांचं एकमत नसेल तर अभंग चढतो आणि पळतो. आमचे बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गातात. रेकॉर्डिंग वाजवलं तर बुवा घाईघाईत बस पकडायला निघालेले, आणि सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या बरोब्बर मधला. तात्या पेटीवर बोटं फिरवत बसले. वर जातात, खाली येतात, परत वर. शेवटी भाता बंद केला. "हा सूर पेटीत नाही," ते म्हणाले. "असं गायचं असेल तर बुवास्नी येगळी पेटी करून घ्या."

दोन्हीकडे एकच आकडा लावला आणि बुवा काळी एकला परत आले. तेव्हा त्यांच्यामागे एक बारीक 'घूंऽऽ' ऐकू आली. मी म्हटलं मशीनचा आवाज असेल. तात्यांनी डोळे मिटले. "पांढरी पाच. जरा चढीच." हे मी नंतर ताडून बघितलं. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि पांढरी पाच फार खालच्या सप्तकात 49 हर्ट्झला येते. तात्यांचा कान बिनचूक होता. बुवांचा संताप मात्र वेगळ्या कारणाने झाला. काळी एकला षड्ज धरला की पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. अभंगाची चाल भूप रागातली. भूपात मध्यम वर्ज्य! "तुमच्या घरचा करंट माझा भूप नासवायलाय," बुवा म्हणाले. चार्जर लॅपटॉपातून काढला की घूं गायब, लावला की हजर. लॅपटॉप एका प्लगवर, स्पीकर दुसऱ्यावर, आणि दोघांच्या अर्थिंगमधून आवाजाची एक चोरवाट फिरत होती. ठरलं. यापुढे रेकॉर्डिंग बॅटरीवर.

आणि आता ती हिरवी पट्टी. कुणी बोलत नसताना थरथरणारी.

वडगाव, शहापूर, खासबाग हा विणकरांचा भाग. शहापुरी साडीचं नाव इथलंच. आमच्या मागच्या भिंतीला लागून अण्णांची यंत्रमागांची शेड आहे. धोटा या टोकाचा त्या टोकाला जातो, खटाक. परत येतो, खटाक. मिनिटाला शंभरेक वेळा. इथे जन्मलेल्या माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. पाहुणे रात्री जागे राहतात, आम्ही झोपतो. पण कंडेन्सर माइक बाहेरगावचा. त्याला सगळं ऐकू येतं. अण्णांचे माग, तीन घरं पलीकडचा कुकर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी बुवा. रेकॉर्डिंगची लहर पडद्यावर मोठी करून बघितली तर धोट्याचे ठोके इतके सारख्या अंतरावर होते की सॉफ्टवेअरातला ठेका देणारा मेट्रोनोम लावायची गरजच नव्हती. पखवाजवाला तर म्हणाला, मी लहानपणापासून यावरच वाजवतोय.

उपाय केले. खिडकीला रजया, दाराला गादी, माइकभोवती उशा. ही दारात उभी राहून बघत होती. "अहो, दिवाळीला गाद्या उन्हात टाका म्हटलं तर कंबर धरता." गाद्यांनी खोलीतला घुमारा गेला, माग गेले नाहीत. भिंतीतून येणारा आवाज कापसाला दाद देत नाही. मग ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन लावून बघितलं. त्याला नुसत्या गोंगाटाचा तुकडा ऐकवायचा आणि मग तो सगळीकडून काढून टाकायला सांगायचं. पंख्याचा एकसुरी आवाज असता तर गेला असता. धोटा ठोके देतो, टाळही ठोके देतात. सॉफ्टवेअरने कुणाचे काढायचे ते ठरवलं, धोटा ठेवला आणि टाळ काढले.

अण्णांना थांबवा म्हणावं तर तो त्यांच्या पोटाचा प्रश्न. रात्री माग बंद होतात तेव्हा कुत्री सुरू होतात. असं सगळं अडून बसलेलं असताना एका पावसाळी दुपारी लाइट गेली.

माग थांबले. फ्रिज थांबला, पंखा थांबला, पलीकडचा मिक्सर थांबला. मी लॅपटॉपकडे बघितलं. बॅटरी भरलेली. डबा यूएसबीवर चालणारा, त्या 5 व्होल्टांतूनच माइकचे 48 तयार करणारा. हिरवी पट्टी पहिल्यांदाच जागची हलत नव्हती. मी बुवांना फोन लावला. "लाइट गेलीय, या!" आमच्या गल्लीच्या इतिहासात हे वाक्य आनंदाने कुणी उच्चारलं असेल असं वाटत नाही. तात्या पेटी डोक्यावर घेऊन छत्रीविना आले. (पेटीला छत्री होती.) पहिला अभंग तिसऱ्या कडव्यापर्यंत गेला आणि भिंतीपलीकडून खटाक. लाइट आली होती. बुवांनी लाइट आल्याबद्दल जे उद्गार काढले तेही रेकॉर्ड झाले, आणि आवाजाच्या दर्जाच्या दृष्टीने तो आमचा सर्वोत्तम तुकडा आहे.

भारतातलं पहिलं व्यावसायिक रेकॉर्डिंग 1902 साली कोलकात्यात झालं. ग्रामोफोन कंपनीच्या गायसबर्गने कर्ण्यासमोर गौहर जानला उभं केलं आणि तिचं गाणं मेणाच्या तबकडीवर कोरलं गेलं. विजेचा माइक रेकॉर्डिंगला यायला 1925 उजाडलं. म्हणजे विजेवाचून रेकॉर्डिंग ही आमचीच अक्कल आहे असं नाही. पण गौहर जानला लाइट कधी जाते याची वाट बघावी लागली नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

तेव्हापासून मंडळाचं वेळापत्रक पेपरावर चालतं. 'दुरुस्तीच्या कामासाठी रविवारी सकाळी 10 ते सायंकाळी 4 वीजपुरवठा खंडित' अशी बातमी आली की बुवा ती कापून पंचांगात ठेवतात. शनिवारी रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावला जातो, टाळकऱ्यांना निरोप जातात, ही सकाळीच कुकर उरकून घेते. भूपातला तो अभंग पूर्ण झाला, यूट्यूबवर गेलाही. तात्यांनी तो हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "पेटी माझीच हाय. बुवा कोण?"

गल्लीने मात्र यातून वेगळाच अर्थ काढला. मागच्या शनिवारी अण्णा शेडमधून सुताचे तुकडे झटकत आमच्या दारात आले. आधी पावसाबद्दल बोलले, मग सुताच्या भावाबद्दल, मग आवाज खाली आणून विचारलं, "उद्या भजन आहे का तुमचं?"

"का हो अण्णा?"

"नाही, तुम्ही बसला की लाइट जातेच. आधी सांगितलं तर आज रात्रीच एक साडी जास्ती काढून ठेवतो."