जमीन जागेवर, उतारा गायब

बेळगावात कुणाचं शेत हरवत नाही, हरवतो तो उतारा. शेत बिचारं जागच्या जागी जोंधळा पिकवत असतं आणि मालक तालुका कचेरीच्या जिन्यावर बसून असतो. विकत घेतलेल्या गाण्यांचंही तसंच आहे, हे मी किती वेळा सांगितलं असेल! पण आयट्यून्स, म्हणजे अ‍ॅपलचा गाणी विकत घेऊन वाजवायचा प्रोग्राम, उघडल्यावर रिकामी यादी दिसली, की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. लोक संगणक उचलून थेट दुकान गाठतात आणि तिथला पोरगा केबल गुंडाळता गुंडाळता म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो की अण्णा, अर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासाचंच असतं, दुखणं तेच आहे. गाणी राहतात सी ड्राइव्हवर, 'युजर्स'मध्ये आपल्या नावाखाली, 'म्युझिक' फोल्डरात. फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क पुसून कोरी केली, की उताऱ्यासकट जमीनही गेली. तेव्हा आधी तो 'म्युझिक' फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा, मगच पोराला "मार" म्हणायचं. चार मिनिटांचं गाणं साडेसात एमबीचं, म्हणजे हजार गाणी साडेसात जीबीत बसतात. पेन ड्राइव्हला एवढं जड नाही.

आता उतारा म्हणजे काय, तर 'आयट्यून्स' फोल्डरातली 'आयटीएल' शेवटाची एक फाइल. तिच्यात गाणी नसतात, कुठलं गाणं कुठं आहे एवढीच नोंद असते. पावसाळ्यात नेमकी ती लिहिली जात असताना करंट गेला, की प्रोग्राम तिच्या नावापुढे 'डॅमेज्ड' लावतो आणि नवी कोरी फाइल उघडून साळसूदपणे बसतो. अशा वेळी प्रोग्राम बंद करा. खराब फाइल पुसू नका, बाजूला ठेवा. शेजारच्या 'प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज' फोल्डरात तारखा घातलेल्या जुन्या प्रती असतात. त्यातली सगळ्यात अलीकडची कॉपी करून घ्या (उचलून नको), नावातली तारीख काढा आणि मूळ जागी ठेवा. मात्र ही प्रत रोज निघत नाही, प्रोग्रामची नवी आवृत्ती बसते तेव्हा निघते. त्यामुळे मधल्या काळातली गाणी यादीत दिसणार नाहीत. ती 'अ‍ॅड फोल्डर टू लायब्ररी'ने आत घ्यायची.

यादी आहे, पण प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह? हे वेगळं प्रकरण. उताऱ्यावर नाव आहे, पण त्या पत्त्यावर कुणी सापडत नाही. बाहेरची डिस्क काल 'ई' होती, आज दुसऱ्या भोकात घातल्यावर 'एफ' झाली, एवढंच कारण पुरतं. हजार गाण्यांना एकेक पत्ता दाखवत बसू नका. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन डिस्कला जुनं अक्षर परत द्या, उद्गारचिन्हं आपोआप निवळतात. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं, तेव्हा गाव उठून कुठं गेलं नाही. पण विंडोजवर गाण्यांच्या फोल्डरचं नाव कुणी हौसेनं बदललं, तर आतली सगळी मंडळी परागंदा होतात.

फाइलच गेली असेल तर दुकानदाराकडे, म्हणजे गाणी विकणाऱ्या अ‍ॅपलकडे, आपली पावती असते. आयट्यून्समध्येच 'अकाउंट', मग 'पर्चेस्ड', मग 'नॉट इन माय लायब्ररी', आणि ढगाच्या चिन्हावर टिचकी. दुकानानं मधल्या काळात गाणंच विक्रीतून काढलं असेल, तर ढगही नाही आणि पाऊसही नाही. आयट्यून्सचं भारतातलं दुकान उघडलं 2012 च्या डिसेंबरात. तोवर गाण्यांवरची नक्कलबंदीची कुलुपं निघाली होती, त्यामुळे तिथून घेतलेल्या गाण्याला कुलूप नाही. पण आत खरेदीदाराचा ई-मेल पत्ता असतो, लग्नातल्या स्टीलच्या डब्यावर मामाचं नाव कोरलेलं असतं ना, तसा. अमेरिकेतल्या भाच्याच्या खात्यावर 2009 च्या आधी घेतलेली 'एमफोरपी' शेवटाची गाणी मात्र कुलूपबंद. ती त्याच्या खात्यानं फक्त 5 संगणकांवर वाजतात, आणि मेलेले संगणकही त्यात मोजले जातात. सगळ्यांची नावं एकदम कमी करता येतात, पण वर्षातून एकदाच. शिवाय जुनी खरेदी पुन्हा उतरवायला एका खात्याशी जोडलेला संगणक 90 दिवस दुसऱ्या खात्याकडे ढुंकूनही पाहत नाही. एवढी निष्ठा सोयरिकीतही दिसत नाही.

पुसलेल्या फाइली परत आणायच्या तर त्या डिस्कवर काहीही लिहू नका, पुसलेलं शोधून आणणारे 'रेकुव्हा' किंवा 'फोटोरेक' हे प्रोग्रामसुद्धा दुसऱ्या डिस्कवर ठेवा. जुन्या फिरत्या डिस्कवर बरंच हाती लागतं. एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कवर, 'ट्रिम' नावाची बाई पुसलेली जागा लगेच सारवून टाकते, तिथं आशा धरू नये. फोटोरेकनं आणलेल्या गाण्यांची नावं जातात, उरतात नुसते आकडे. 'एमपीथ्रीटॅग' या प्रोग्रामनं फाइलच्या पोटातली माहिती वाचून नावं परत लावता येतात. पोटात देवनागरीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांग दिसली तर हरखून जा, कारण अक्षरं शाबूत आहेत, फक्त चुकीच्या लिपीत वाचली जाताहेत. नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि तशीच सेव्ह झालेली असली, तर नाव हातानं लिहायचं. लिहिताना एकच रूप धरा. कुमार गंधर्व जन्मले आपल्या शेजारच्या सुळेभावीत, पण तीन स्पेलिंगं केलीत तर यादीत तीन कुमार गंधर्व येतात.

या सगळ्या उठाठेवीत प्रत्येक गाणं दोनदा येतं, ते वेगळंच. त्यासाठी 'शो ड्युप्लिकेट आयटम्स' आहे, पण ते फक्त गाण्याचं आणि गायकाचं नाव पाहतं. दोन मैफिलींतले दोन भूप त्याला एकच वाटतात. शिफ्ट दाबून धरलं की तिथं 'एक्झॅक्ट' शब्द येतो आणि अल्बमही जुळवला जातो. शिफ्ट न दाबता 'डिलीट' मारलंत, तर रेकुव्हा कुठं ठेवलाय ते आठवा.