प्राकृतिक भूगोलाची पदवी : लातूरच्या कट्ट्यावरील वाद

लातूरमध्ये अकरावीला विज्ञान आणि पुढे ‘नीट’ हा क्रम इतका रुळला आहे, की आमच्यातल्या एकाची मुलगी भूगोलात, त्यातही प्राकृतिक भूगोलावर भर देऊन, पदवी घेणार असल्याचे कळताच कट्ट्यावर वादाला तोंड फुटले. नद्या, पर्वत आणि वारे शाळेतच शिकून होतात. स्पर्धा परीक्षेसाठी हवाच असेल तर हा विषय घरी बसून वाचता येतो, त्यापायी उमेदीची वर्षे का घालवायची, असा वकीलसाहेबांचा रोखठोक सवाल होता.

महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी उत्तरादाखल पिशवीतून स्थलनिर्देशक नकाशा काढून बाकावर पसरला. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या त्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा जिथे दाटतात तिथे चढ उभा असतो आणि जिथे विरळ होतात तिथे जमीन सपाट असते. “निळा रंग पाण्याचा, पण आपले बहुतेक ओढे काळ्या रेषेने दाखवले आहेत, कारण ते पावसाळ्यानंतर कोरडे पडतात,” असे सांगून ते म्हणाले, “सह्याद्रीच्या पर्जन्यछायेची व्याख्या शाळेत पाठ होते, पदवीला मात्र त्या छायेतल्या एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र स्वतः आखून, पडलेल्या पावसापैकी वाहिले किती आणि मुरले किती याचा हिशेब मांडावा लागतो.”

बोअर घेणाऱ्या अण्णांना हे पटेना. बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग पाहून मुरूम संपला, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक) लागला की काळा पाषाण, हे ते पदवीवाचून सांगतात, आणि ते खरेही आहे. सरांनी ते मान्य केले. मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून हा प्रदेश घडला, सलग बेसाल्टात, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी केवळ भेगांमध्ये राहते आणि म्हणूनच शेजारच्या दोन बोअरपैकी एक कोरडे जाते, ही कारणे समजल्याखेरीज गावाचे भूजल राखता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात हा मुद्दा कोणी खोडून काढला नाही.

माझे मत सरांच्या बाजूने आहे, पण एक तक्रार आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने द्वीपकल्पाचे पठार स्थिर असल्याचा समज मोडला. तरीही लातूर जिल्ह्यातच राहणारा विद्यार्थी हिमनदीची भूरूपे टिपणांतून पाठ करतो आणि किल्लारीला न जाताच पदवीधर होतो, हे मला अक्षम्य वाटते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी क्षेत्रभेटी खरोखर होतात का, आणि सुदूर संवेदन (उपग्रह चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) व जीआयएसचे (संगणकावर नकाशे व माहिती जोडण्याचे) काम विद्यार्थ्यांच्या हाती दिले जाते का, याची चौकशी तिथल्याच विद्यार्थ्यांकडे करावी, असे मी मुलीच्या वडिलांना सुचवले.

नोकरीचा प्रश्न वकीलसाहेबांनी शेवटपर्यंत लावून धरला आणि तो रास्तच आहे. त्यावर सरांचा सल्ला एवढाच होता, की मुलीने संख्याशास्त्र टाळू नये, कारण नुसते वर्णन करणाऱ्यापेक्षा मोजमाप करू शकणाऱ्याला पाणलोट, मृदा आणि हवामानाच्या कामांत लवकर जागा मिळते.