मशीन सोडा, झारा कुठला घेतलात?

बीचवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो म्हटलं की न्यू जर्सीतल्या एडिसनमधली आपली मंडळी एकच विचारतात, "काय मग, सोनं सापडलं का?" पण जर्सी शोअरवर पहाटे हेडफोन घालून फिरणारे जे मुरलेले आजोबा असतात ना, ते सोन्याचं विचारत नाहीत, मशीनकडेही बघत नाहीत, ते बघतात तुमच्या हातातल्या स्कूपकडे, वरपासून खालपर्यंत, मुलगी बघायला आलेली आत्या बघते तसं, आणि काही न बोलता पुढे जातात.

स्कूप म्हणजे भोकं पाडलेला डबा आणि त्याला लांब दांडा. वाळूत खुपसायचा, उचलायचा, हलवायचा, वाळू गळून जाते, वस्तू आत राहते. आमच्या घरात त्याचं नाव झारा. सांगायला पाच सेकंद, निवडायला अख्खा हिवाळा.

कोरड्या वाळूत काय, मुलांच्या खेळण्यातलं फावडंसुद्धा चालतं. खरी मजा ओल्या वाळूत, जिथे लाटा येऊन जातात. थंड पाण्यात बोटं आक्रसतात, वर सनस्क्रीनचं तेल, अंगठी सुटलीच म्हणून समजा. म्हणजे माल तिथे. आणि तिथे तुम्ही खड्डा केला की पुढची लाट येऊन तो बुजवते, बीप कुठे होता ते विसरायला लावते आणि चपलेत वाळू भरून जाते. म्हणून एका घावात खोल जाऊन, सगळं उचलून, पुढची लाट यायच्या आत बाहेर काढणारा झारा लागतो. ओल्या वाळूचं वजन लिटरमागे दोन किलोच्या आसपास असतं हो, आणि चांगल्या झाऱ्यात तीनेक लिटर आरामात बसते. म्हणजे प्रत्येक बीपला सहा किलो उचला, वर स्टीलचं वजन वेगळं. जिमची मेंबरशिप मी याच हिशोबावर रद्द केली, कंबरेच्या डॉक्टरचा हिशोब बायको ठेवते.

मग भोकं. इथे मी एक्सेल उघडलं (आयटीवाला माणूस, दुसरं काय उघडणार). अमेरिकेचं सगळ्यात छोटं नाणं डाइम, व्यास 17.91 मिमी, म्हणजे 12 मिमीचं भोक ठेवलं तरी सगळी नाणी आत राहतात आणि वाळू झरझर जाते. पण कानातली कुडी? बारीक चेन? ती वाळूबरोबर सुळकन समुद्रात. बरं 6 मिमी करा, तर आपल्या इथली खडे आणि शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू आत अशी ठाण मांडून बसते की ती हलवता हलवता खांदा निखळायची वेळ येते. बायको शीट बघून म्हणाली, "अरे, या कुडीच्या हिशोबात जेवढे तास घातलेस ना, तेवढ्यात एक जोड विकत आला असता." एक्सेलमध्ये या कॉलमला जागा नव्हती.

सुरुवात प्लॅस्टिकच्या स्कूपने केली, कारण स्वस्त, आणि त्याचा एक खरा फायदा आहे, तो डिटेक्टरला दिसत नाही. वाळू भरलेला स्कूप तसाच कॉईलसमोर (म्हणजे मशीनच्या खालच्या, धातू हुडकणाऱ्या चकतीसमोर) धरायचा, वाजला तर माल आत, नाही वाजला तर अजून खड्ड्यात. ओल्या वाळूत पहिल्यांदा पाय दाबला आणि दांडा हातात, डबा खड्ड्यात. मग म्हटलं आपणच बनवू. घरात बुंदीचा झारा होता, आईने बॅगेत कपड्यांत गुंडाळून दिलेला, अस्सल स्टील, भोकं एकसारखी. पडद्याचा लाकडी रॉड घेतला, होज क्लॅम्पने आवळला, गॅरेजमध्ये उभं राहून चार वेळा हवेत मारून पण बघितला. बेलमारच्या बीचवर त्याची मान अशी वाकली की आता त्यातून बुंदी एकाच दिशेला पडते. दिवाळीला हा विषय निघाला. अजून निघतो.

शेवटी स्टील. त्यातही 304 ग्रेडचं की 316? 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं, आणि तेवढंच महागही पडतं. वर पाय ठेवायला पट्टी हवी, दांडा लाकडी हवा म्हणजे तो तरी वाजत नाही. कारण स्टीलची मुख्य भानगड ही की कॉईलजवळ आला की मशीन किंचाळतं, तुम्ही आनंदाने खणायला वाकता आणि कळतं की आपण आपलाच झारा शोधला. म्हणून तो मागे हातभर लांब ओढत चालायचं.

हे दुखणं जुनं आहे बरं का. 1881 च्या जुलैमध्ये अमेरिकेचे प्रेसिडेंट गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती अंगात नक्की कुठे अडकलीय ते शोधायला टेलिफोनवाला ग्रॅहम बेल स्वतः असंच धातू शोधणारं मशीन घेऊन आला, तर पेशंटच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा, त्यामुळे भलतेच आवाज. त्यात मुख्य डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली, गोळी होती डावीकडे. पुढे हवापालट म्हणून गारफिल्डना आणलं कुठे, तर आमच्याच किनाऱ्यावर, एल्बरॉनला, रातोरात बंगल्याच्या दारापर्यंत रूळ टाकून, आणि 19 सप्टेंबरला ते तिथेच गेले. मी एल्बरॉनवरून जाताना झारा अजून हातभर लांब धरतो.

सापडतं काय म्हणाल तर मुख्यतः कॅनचे जुने पुल टॅब, म्हणजे कॅन उघडायला ओढायच्या कड्या. सोन्याची अंगठी आणि पुल टॅब मशीनला जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे सगळंच खणावं लागतं. नंतर पेन्या, म्हणजे एक सेंटची नाणी. 1982 नंतरची पेनी आतून जस्ताची, वर तांब्याचा नुसता मुलामा, खाऱ्या पाण्यात ती कुरतडल्यासारखी होते. आणि फार खोल जायचा उत्साह आला की आमच्याच किनाऱ्यावरची सर्फ सिटी आठवायची, तिथे 2007 साली समुद्रातून उपसून बीचवर टाकलेल्या वाळूतून पहिल्या महायुद्धाच्या काळातला दारूगोळा निघाला होता. पाय देऊन दाबण्याआधी तेव्हापासून जरा देवाचं नाव घेतो.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला सगळं दाखवलं. मशीनबद्दल तिचे बाबा लगेच मागून म्हणाले, "इकडे आणू नकोस हां ते." आजोबा रिटायर्ड तलाठी, 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट तोंडपाठ, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. आई मात्र झाऱ्याकडे टक लावून बघत होती. "भोक केवढं रे हे?" म्हटलं 12 मिमी. "मग ठीक. खाडीत शिंपल्या-तिसऱ्या काढायला येईल, बारक्या आपोआप खाली पडतील. येताना दोन आण, एक शेजारच्या वहिनींना. आणि तो बुंदीचा सरळ करून ठेव, मी येतेय दिवाळीला."