‘शनिवार-रविवारात शंभर अश्वशक्ती’: मस्टँग २८९ च्या नावाने फिरणाऱ्या यादीचा प्रतिवाद

जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक यादी गेली अनेक वर्षे हातोहात फिरत आहे, आणि अमेरिकेत स्थायिक होऊन गॅरेजमध्ये साठच्या दशकातली एखादी फोर्ड मस्टँग जपणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपर्यंतही ती आता पोहोचली आहे. तिचा आशय असा की, कारखान्याने आणि सरकारने मिळून या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनांचा गळा आवळून ठेवला आहे आणि तो मोकळा केला की इंजिन न उघडता, एका शनिवार-रविवारात शंभर अश्वशक्ती वाढते. त्यासाठी यादीत सहा कामे दिलेली आहेत आणि प्रत्येक कामापुढे आकडा आहे. मिनिटाला ७५० घनफूट हवा देणारा फोर-बॅरल (चार नळ्यांचा) कार्बोरेटर बसवा, २५ मिळतील; हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) बसवून सायलेन्सर काढून टाका, ३०; उघडा एअर फिल्टर लावा, १०; ठिणगीसाठी जास्त व्होल्टेजची कॉइल लावा, १५; टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जमेल तेवढे पुढे घेऊन महाग पेट्रोल भरा, १५; प्रदूषण-नियंत्रणाच्या नळ्या उपटून टाका, १०. बेरीज होते १०५.

यादीतली सगळीच कामे टाकाऊ नाहीत, आणि म्हणूनच ती खोडून काढणे अवघड जाते. चूक आहे ती आकड्यांत, बेरजेत आणि कामांच्या क्रमात. ते दाखवण्यासाठी मी या यादीसोबत सर्वाधिक वेळा जिचे छायाचित्र असते तीच गाडी घेतो: १९६६ ची मस्टँग, २८९ क्यूबिक इंचांचे, म्हणजे ४.७ लिटरचे इंजिन, वर टू-बॅरल कार्बोरेटर, ९.३ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते) आणि कागदोपत्री मिनिटाला ४४०० फेऱ्यांना २०० अश्वशक्ती. जाणकार तिला सी-कोड म्हणतात.

या इंजिनातून जास्त ताकद कशी काढायची, याचे उत्तर फोर्डने त्याच काळात स्वतःच देऊन ठेवले होते. त्याच २८९ ला फोर-बॅरल कार्बोरेटर आणि १०.० कॉम्प्रेशन दिले की ए-कोड होई आणि आकडा २२५ वर जाई. घन टॅपेटवर चालणारा आक्रमक कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), १०.५ कॉम्प्रेशन, मोकळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि जास्त फेऱ्या सोसणारे अंतर्भाग दिले की के-कोड होई: ६००० फेऱ्यांना २७१. त्या के-कोडवर शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बी यांनी अॅल्युमिनियमचा उंच इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरपर्यंत नेणारा भाग), ७१५ घनफुटी हॉली कार्बोरेटर आणि खास हेडर चढवले, तेव्हा त्यांच्या जीटी ३५० मस्टँगचे ३०६ झाले. २०० पासून ३०६ पर्यंतचा हा प्रवास जवळजवळ यादीच्या बेरजेएवढाच आहे, आणि त्यात पिस्टनच्या डोक्यावरच्या जागेपासून कॅमपर्यंत सर्व काही बदललेले आहे. शेल्बींना जे करायला निराळे इंजिन लागले ते इंजिन न उघडता दोन दिवसांत होईल, असे सांगणाऱ्याने निदान हा जिना आधी पाहायला हवा होता.

आता ‘गळा आवळला’ या मूळ आरोपाकडे येऊ, कारण बाकीची सारी इमारत त्याच्यावर उभी आहे. पुराव्यादाखल नेहमी जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेटचे उदाहरण दिले जाते: ३५० क्यूबिक इंचांचे मूळ इंजिन १९७० मध्ये ३०० अश्वशक्तीचे होते आणि १९७२ मध्ये २०० चे उरले, म्हणजे नियमांनी शंभर खाल्ले. यात वगळले जाते ते १९७१ चे वर्ष. त्या वर्षी जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन ८.५ पर्यंत खाली आणले आणि आकडा २७० झाला. ही घट खरी होती. पण त्याच वर्षी कंपनीने त्याच इंजिनाचा दुसरा आकडाही छापला, २१०. पहिला ‘ग्रॉस’, म्हणजे इंजिन चाचणीच्या टेबलावर, पंखा, डायनॅमो, एअर फिल्टर आणि गाडीतला सायलेन्सर यांच्याविना मोजलेला. दुसरा ‘नेट’, म्हणजे हे सगळे जोडून मोजलेला. १९७२ पासून फक्त नेट आकडा छापला जाऊ लागला. तेव्हा शंभराच्या त्या दरीतला साठाचा भाग निव्वळ मोजपट्टी बदलल्याचा आहे. (पुढे १९७५ मध्ये हेच इंजिन नेट १६५ वर उतरले, नियमांमुळे काहीच गेले नाही असे माझे म्हणणे नाही.)

हा हिशेब सी-कोडच्या मालकालाही लागू पडतो. त्याचे २०० हे ग्रॉस आहेत. कॉर्व्हेटचे प्रमाण ढोबळमानाने लावले तर नेट १५५ च्या आसपास येते, आणि गिअरबॉक्स व डिफरन्शिअलमध्ये जाणारे १५ ते २० टक्के वजा केले की चाकांवर १२५-१३०. अनेक जण गाडी रोलरवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घेतात, हा आकडा पाहून ‘माझी सत्तर अश्वशक्ती अडकून पडली आहे’ असे समजतात आणि यादीच्या नादी लागतात. प्रत्यक्षात ती सत्तर अश्वशक्ती रस्त्यावरच्या गाडीत कधी नव्हतीच.

कार्बोरेटरच्या दाव्यात सत्याचा अंश सर्वांत मोठा असल्यामुळे तेथे थोडे थांबावे लागेल. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. २८९ ला १७२८ ने भागले की घनफूट मिळतात. ५००० फेऱ्या धरल्या तर मिनिटाला सुमारे ४१८ घनफूट होतात, पण जुने इंजिन सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून ८० ते ८५ टक्के धरून ३३५ ते ३५५. फोर्डने ए-कोडला दिलेला फोर-बॅरल ४८० घनफुटांचा होता, तो उगाच नव्हे. ७५० चा कार्बोरेटर बसवल्याने इंजिन जास्त हवा ओढत नाही. उलट व्हेंचुरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, जाणाऱ्या हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि त्याचे बारीक तुषारही होत नाहीत, आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते. मी स्वतः हा मोह एकदा करून पाहिला आहे. महामार्गावर आवाज जोरदार आला, पण गावातल्या चौकात गाडी दर वेळी खोकून उभी राहत असे, आणि दोन आठवड्यांत जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी छिद्रे) बदलून बदलून मी कंटाळलो.

यावर ‘मग शेल्बींनी ७१५ चा का बसवला?’ असा प्रश्न हमखास येतो. कारण ते इंजिन ६००० च्या पुढे फिरवण्यासाठी बांधलेले होते, त्याचा कॅम तेथे श्वास घेत होता, आणि तळच्या फेऱ्यांतला लोंबकळेपणा शर्यतीच्या गाडीला चालतो. सी-कोडचा जास्तीत जास्त टॉर्क, २८२ फूट-पाउंड, २४०० फेऱ्यांनाच येतो. रोजचे चालवणे तेथेच होते आणि मोठा कार्बोरेटर नेमके तेच बिघडवतो. फोर-बॅरल बसवायला माझी हरकत नाही, मात्र तो ५०० च्या आसपासचा, योग्य इनटेक मॅनिफोल्डसह असावा. टू-बॅरलची छापील क्षमता दुप्पट दाबफरकावर मोजलेली असते, त्यामुळे फोर-बॅरलशी तुलना करताना ती १.४१ ने भागावी लागते. म्हणजे मूळ टू-बॅरल दिसतो त्यापेक्षाही तोकडा आहे. तरीही २५ चा आकडा मिळणार नाही, कारण फोर्डच्या सी-कोड आणि ए-कोडमधला २५ चा फरक कार्बोरेटर आणि वाढीव कॉम्प्रेशन या दोघांचा मिळून आहे.

आणि काहीही विकत घेण्याआधी एक फुकटची तपासणी करावी. इंजिन बंद असताना कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगावे आणि बॉनेटखाली वाकून कार्बोरेटरच्या झडपा पूर्ण उघडतात का ते पाहावे. साठ वर्षांच्या झिजलेल्या सांध्यांमुळे आणि पेडलखाली दुमडलेल्या जाड गालिच्यामुळे त्या पूर्ण न उघडणाऱ्या गाड्या मुळीच दुर्मिळ नाहीत.

हेडरमुळे फायदा होतो, यात शंका नाही. मूळ ओतीव मॅनिफोल्ड अरुंद आहे आणि सी-कोडला एकच सायलेन्सर आहे. दोन स्वतंत्र नळ्या आणि चांगले सायलेन्सर लावले तर वरच्या फेऱ्यांत इंजिन मोकळे होते. परंतु सायलेन्सर काढून टाकल्याने आणखी ताकद मिळते, हे चांगल्या आधुनिक सायलेन्सरच्या बाबतीत जवळपास खोटे आहे. वाढतो तो आवाज, आणि कान त्यालाच वेग समजतो. ‘इंजिनाला थोडा उलट दाब लागतोच’ हे विरोधी टोकाचे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. इंजिनाला हवा असतो तो बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, जो पुढच्या सिलिंडरची रिकामी होण्याची वाट सुकर करतो; म्हणून गरजेपेक्षा जाड नळ्याही नुकसानच करतात. २८९ मध्ये तर खरा अडसर मॅनिफोल्डच्या आधी, हेडमध्येच (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागात) आहे: १.६७ इंचांची इनटेक आणि १.४५ इंचांची एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्यामागची चिंचोळी वाट. के-कोडच्या व्हॉल्व्हदेखील याच मापाच्या होत्या.

फिल्टरचे लवकर उरकतो. स्वच्छ कागदी फिल्टर या इंजिनाला पुरतो. चकचकीत उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि हवा साधारण ५-६ अंश सेल्सियसने तापली की सुमारे एक टक्का ताकद जाते. दहा मिळवायला गेलेला माणूस पाच-सात गमावून येतो.

कॉइलचे गणित त्याहून सोपे आहे. कॉइल प्लगची फट ओलांडायला लागेल तेवढेच व्होल्टेज उभे करते; डबीवर ४०,००० लिहिले म्हणून तेवढे प्लगपर्यंत जात नाही. ठिणगी चुकत नसेल तर दुप्पट जोराच्या ठिणगीने मिश्रण दुप्पट जळत नाही. पॉइंट (ठिणगीची यांत्रिक कळ) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हे मी नक्की सुचवेन, पण ते वारंवार सेटिंग करण्याचा त्रास वाचावा म्हणून.

टायमिंगच्या दाव्यात यादी सर्वांत धोकादायक आहे, आणि खरा नफाही नेमका येथेच आहे. जमेल तेवढे पुढे घेतलेले टायमिंग सुरुवातीला अंगात आल्यासारखे वाटते. मग चढावर, उन्हात, पूर्ण पेडलवर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होते आणि पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात. या इंजिनाला पूर्ण अ‍ॅडव्हान्स (पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) साधारण ३४ ते ३८ अंशांच्या दरम्यान लागतो, आणि तो ३००० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण व्हायला हवा. कळीचा भाग तो तेथपर्यंत कोणत्या चालीने जातो हा आहे. डिस्ट्रिब्युटरमधल्या (ठिणगी सिलिंडरांना वाटणाऱ्या भागातल्या) साठ वर्षांच्या स्प्रिंगा, जाम झालेली वजने आणि फाटलेला व्हॅक्यूम डायफ्रॅम ही चाल पार बिघडवतात. ती नीट बसवून घेतली तर, एकही नवा चकचकीत भाग न लावता, गाडी ओळखू येणार नाही इतकी तरतरीत होते.

त्यातही एक सापळा आहे. क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरचे (कंपन शोषणाऱ्या चाकाचे) बाहेरचे कडे रबराने चिकटवलेले असते; रबर जुने झाले की कडे सरकते आणि त्यावरची खूण खोटे बोलू लागते. अशा गाडीत टायमिंग लाइट लावून ‘बरोबर’ केलेले टायमिंग आठ-दहा अंशांनी चुकलेले असू शकते. पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टन-स्टॉप घालून पिस्टनचा खरा शीर्षबिंदू शोधल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

महाग पेट्रोलबद्दल एवढेच की, ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सोसण्याची क्षमता. त्यात जास्त ऊर्जा भरलेली नसते. ९.३ कॉम्प्रेशनच्या, टायमिंग योग्य असलेल्या इंजिनाला ते भरून काही वाढत नाही. त्याऐवजी आजच्या पेट्रोलमधल्या १० टक्के इथेनॉलकडे पाहावे: त्याने मिश्रण किंचित पातळ होते, आणि मूळ जेट एक-दोन मापांनी वाढवण्याचा उपयोग बहुतेक वेळा दिसतो.

प्रदूषण-नियंत्रणाच्या नळ्या ‘उपटण्या’चा सल्ला या गाडीच्या बाबतीत हास्यास्पद आहे. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांना हवेचा पंप होता, पण इतर राज्यांतल्या मस्टँगवर पीसीव्ही व्हॉल्व्हखेरीज (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणारा) उपटण्यासारखे फारसे नाहीच. पूर्ण पेडलवर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो, म्हणजे तेव्हा तो व्हॉल्व्ह काही हिरावून घेत नाही. काढला तर मात्र क्रँककेसमधली वाफ आतच राहते आणि ऑइलचा चिखल होतो. १९७५ नंतरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बेकायदेशीर आहे.

उरली बेरीज. कार्बोरेटर, हेडर आणि फिल्टर या तिघांचे आकडे वेगवेगळ्या इंजिनांवरून, प्रत्येकाच्या सोयीच्या परिस्थितीत घेतलेले असतात, आणि तिघेही एकाच वाटेवरचा अडथळा दूर करत असतात. ती वाट हेडमध्ये अरुंद असेल तोवर पुढची-मागची दारे कितीही रुंद केली तरी हवा तेवढीच जाणार. खरोखर मोठी झेप हवी असेल तर १.९० आणि १.६० इंचांच्या व्हॉल्व्हची अॅल्युमिनियम हेड, त्यांना साजेसा कॅम आणि कॉम्प्रेशन यांचा एकत्र विचार करावा लागतो. मोठ्या व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाहीत ना, हे मोजावे लागते. आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर कॅमच्या निवडीत टॉर्क कन्व्हर्टरही येतो.

ज्याला एवढे करायचे नाही पण गाडी चपळ हवी आहे, त्याने डिफरन्शिअलकडे पाहावे. या गाड्यांत सहसा २.८० चे प्रमाण मिळते. तेथे ३.२५ बसवले की त्याच गिअरमध्ये चाकांवरचा जोर १६ टक्क्यांनी वाढतो, आणि तो प्रत्येक सिग्नलवर जाणवतो. त्याची किंमत महामार्गावर मोजावी लागते: ताशी ६५ मैलांना इंजिन सुमारे २४५० ऐवजी २८५० फेऱ्यांवर फिरते, आणि तीन गिअरच्या सी-४ ऑटोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह नाही. मला तो सौदा मान्य आहे.

मात्र त्याआधी गाडी उचलून ब्रेक पाहावेत. १९६६ च्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक प्रमाणित होते, पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून मिळत, आणि मास्टर सिलिंडर एकेरी होता: एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर फोर्डने १९६७ च्या गाडीपासून दिला, आणि तो या गाडीलाही बसवता येतो. यादीच्या भाषेत बोलायचे तर त्याच्यापुढे शून्य अश्वशक्ती लिहावी लागेल. माझ्या गाडीत कार्बोरेटरच्या आधी तोच बसला.