मुलाखतीला जाताना छातीचा एक्स-रे न्यावा

नोकरीच्या मुलाखतीला निघालात? वा. पदव्या, अनुभवाचे दाखले, आधार, फोटो, सगळं घेतलंच असेल. एक राहिलं, छातीचा एक्स-रे. तो फाइलच्या वरच टाचून ठेवा. तुमचीही पंचवीस मिनिटं वाचतील, साहेबांचीही.

हा सल्ला तुम्हाला फुकट. मला तो जातायेता चार बसगाड्या आणि एका किरकोळ रजेला पडला. गेल्या मंगळवारी फोंड्याहून वेर्ण्याला गेले होते, अकाउंट्सच्या जागेसाठी.

तर पहिलं पथ्य: बायोडाटात रिकामे महिने ठेवू नयेत. आजारी पडायची फारच हौस असेल तर शनिवारी पडावं, सोमवारी उठावं. कावीळ, ऑपरेशन वगैरे मोठी कामं चतुर्थीच्या सुट्टीत उरकावीत, तेव्हा ऑफिसात तसंही कुणी नसतं.

बाईमाणसाने तर आपल्या प्रकृतीबरोबर होणाऱ्या बाळाची तारीखही सोबत न्यावी. विचारतातच.

रिकामे महिने लपतच नसतील तर ‘घरची अडचण होती’ म्हणावं. माझ्या नणंदेने आदल्या रात्री हेच बजावलं होतं. “वहिनी, सासूचं दुखणं म्हण. कोण बघायला येतंय?” सासूबाई समोर बसून पेज जेवत होत्या. त्यांनीही मान डोलावली. म्हणजे दुखणेकऱ्याची परवानगीसुद्धा होती.

पण मी पडले सत्यवचनी. मधल्या साहेबांनी बायोडाटावर पेन टेकवून विचारलं, “२०२२ मध्ये आठ महिने काय केलंत?” मी म्हणाले, टीबी झाला होता, पूर्ण बरी झाले. ‘झाला होता’ हा भूतकाळ आहे असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. साहेबांच्या शाळेत बहुधा वर्तमानकाळच असावा. त्यांच्या खुर्चीला चाकं होती, त्यामुळे ती मागे गेली तेव्हा आवाज झाला नाही. शेजारच्या एचआरच्या मुलीने बिस्किटांची बशी वीतभर आपल्याकडे ओढली. पुढचे प्रश्न जीएसटीचे नव्हते, टॅलीचेही नव्हते. घरात आणखी कुणाला आहे का? डबा वेगळा आणता का? दमट हवेत त्रास होतो का? (गोव्यात राहून कोरडी हवा कुठून आणायची होती, कोण जाणे.) शेवटी साहेब गोड हसले. “हांव तुका मागीर फोन करतां.” मी उठून दारापाशी पोचते तोच मागे वळून पाहिलं. माझा चहाचा कागदी कप ती मुलगी दोन बोटांच्या चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. अर्धा भरलेला.

तेव्हा सल्ला असा, की चहा संपवूनच उठावं.

आणि कायद्याचं बोलू नये. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करता येत नाही, असं २०१७ चा कायदा सांगतो. असलं काही तुम्हाला माहीत आहे हे कळलं तर तुम्ही आजारीच नव्हे, भांडखोरही ठरता. माझ्या आधीच्या ऑफिसात चार वर्षं पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापला गेला. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारात त्यातून ८० टक्के पगार मिळू शकतो, हे मला तिथे एकानेही सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसून दीड महिना झाला होता. “बरी झालीस की ये” म्हणाले होते. बरी झाले, गेले, तर वॉचमनने रजिस्टरवर सही मागितली.

आता उपदेश पुरे. साहेब, तुमच्याशीच बोलते. १६८ दिवस, रोज तीन गोळ्या. मोजा, ५०४ होतात. हिशेबाच्याच जागेसाठी आले होते ना मी? लघवी नारिंगी व्हायची, पहिल्या दिवशी घाबरून रडले होते. सकाळी उलटी आली तरी गोळी चुकवली नाही, कारण मध्येच सोडली तर औषधाला न जुमानणारा टीबी होतो, हे बांबोळीच्या डॉक्टरांनी एकदाच सांगितलं आणि ते पुरलं. नीट औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांपासून दुसऱ्याला लागण व्हायची थांबते. आणि माझा कोर्स संपून वर्षं लोटलीत! तुम्ही इंजिनिअर आहात, भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट टांगलंय, आणि बिस्किटांची बशी लपवता? खरं बोलणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवता, मग लोक खोटं बोलतात म्हणून बॅकग्राउंड चेकवर पैसे उडवता. लाज वाटत नाही?

फोन करणार नाही तुम्ही, ते ठाऊक आहे मला. पण एक सांगायचं राहिलं. त्या पंचवीस मिनिटांत तुम्ही सात-आठ वेळा खोकलात, तेही तोंडावर हात न धरता. त्या मुलीला म्हणत होतात, “तीन आठवडे झाले, जातच नाही.” दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची असते. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. जाऊन या.